शेवटचे शब्द मोठ्यानं

१ फेब्रुवारी, शनिवार
आले एकदाची. खोली झकास आहे. खिडकीशी टेबल आहे आणि पलंग करकरत नाही. पोचल्याचा फोन केला तर दादा म्हणाला, महिनाभर तोंडाला कुलूप लावून दाखव. लहानपणापासून मला रेडिओ म्हणतो मेला. पण काही अडलं तर रविवारच्या फोनवर नुसतं ये म्हण, गाडी काढतो, हेही म्हणाला. तेवढं बरं वाटलं.

काम सोपं आहे. प्रोफेसरांची दृष्टी गेलीय. जुन्या रोमन काव्यातल्या रूपांतरकथांवर ते ग्रंथ सांगतात, मी लिहून घ्यायचा. नियम एकच. वाक्य संपलं की त्याचे शेवटचे शब्द मोठ्यानं म्हणायचे, मग ते पुढचं सांगतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मजा येतेय. मुलीचं झाड होतं, बाईची गाय होते, एकीचा तर नुसता आवाज उरतो. सर सांगतात, देह बदलतो, मन तसंच राहतं, आणि सगळ्यात आधी जाते ती वाचा. मी म्हटलं, मग माझी काही खैर नाही. सर हसले नाहीत.

स्वयंपाकाच्या मावशी अजब आहेत. चहा मिळेल का विचारलं, तर त्याही म्हणाल्या, मिळेल का. साखर कमी घाला म्हटलं, तर कमी घाला. माझी नक्कल करतात की काय, म्हणून मी नाक मुरडून निघून आले.

९ फेब्रुवारी, रविवार
दादाला फोनवर गमतीत म्हटलं, कंटाळले तर येईन पळून. मावशी दारातच होत्या. पळून, पळून, म्हणत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी. हात सोडवून घ्यावा लागला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज या कथांच्या प्रभावाचं प्रकरण झालं. दोन हजार वर्षं चित्रकार, कवी, नाटकवाले त्यांचेच शेवटचे शब्द परत म्हणतायत, असं सरांचं मत. पाच तास मीही तेच करत होते. संध्याकाळी दुकानदारानं विचारलं, काय देऊ. मी म्हटलं, देऊ. तो हसला. साबण न घेताच परत आले. थकवा असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कपाटात ग्रंथाची जुनी पानं सापडली, पाच वर्षांपूर्वीची. टपोरं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. हे अक्षर मी रोज बघते, मावशींच्या भाजीच्या यादीवर. यादीही सरच सांगतात.

मावशींना विचारायला धावले. तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आधी कोण बोलणार म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून एकच शब्द घोकला. ये.

दादानं विचारलं, कशी आहेस. आहेस, म्हटलं मी. रेडिओ बिघडला वाटतं, म्हणून तो हसला. वाटतं, म्हटलं मी. मग त्याचा आवाज बदलला. खरं सांग, म्हणाला, न्यायला येऊ की नको?

नको, म्हटलं मी.

त्यानं फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी
पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले. मागून सरांनी वाक्य सुरू केलं. ते संपेपर्यंत पाय हलेनात. शेवटचे शब्द म्हटले — परत आले.

१९
दादाला पत्र लिहायला बसले. कागदावर उतरलं, देह बदलतो, मन तसंच राहतं. दुसरा कागद घेतला. तेच. ही वही तेवढी अजून माझी —

२१
जिन्यात मावशींचा आवाज येतो. मावशी कुठेच नाहीत.

२३, रविवार
आज गप्प राहायचं. अवाक्षर काढायचं नाही. रेडिओ गप्प म्हटल्यावर दादा घाबरून येईलच — ओळखतो तो मला —

फोन वाजला. सरांनी घेतला. म्हणतायत, ती इथं सुखात आहे. फोन माझ्या तोंडाशी धरलाय — आणि माझं तोंड म्हणतंय सुखात आहे — तू हसलास, बरं वाटलं म्हणालास — मी नाही रे ती — दादा, ये — न्यायला ये — देह बदलतो, मन तसंच राहतं, आणि सगळ्यात आधी