टिपक्याचं वजन

२ फेब्रुवारी, रविवार

तीस किलो! गणित मी स्वतः केलं.

टिपक्या वजनकाट्यावर उभाच राहत नाही. चार पाय, चारींना चार दिशा. शेवटी माळीदादांनी युक्ती सांगितली. आधी मी एकटा चढलो — त्रेसष्ट. मग त्याला दोन्ही हातांवर उचलून चढलो — त्र्याण्णव. वजा केले, उरले तीस. सातवीत शाळा सुटली, पण वजाबाकी नाही सुटली.

माझे त्रेसष्ट तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेत. दर रविवारी दोनदोनदा कोण चढउतार करणार?

तक्ता मालकीणबाईंनी लावलाय, टिपक्याच्या खाण्याचे दाणे ठेवतात त्या खोलीत, दाराच्या मागे. त्या महिनाभर परगावी. मी दर रविवारी वजन लिहायचं आणि त्यांना फोनवर सांगायचं. एप्रिलात मैदानातली स्पर्धा आहे. झुडपात दडलेला पक्षी वासाने हुडकायचा आणि हात — म्हणजे तोंड — न लावता नुसता दाखवायचा. टिपक्याची जातच त्यासाठीची. पॉइंटर.

जाताना म्हणाल्या, "अठ्ठावीसच्या खाली गेला तर मी त्याला पळवणार नाही. सरळ कुत्री शिकवणाऱ्याकडे पाठवीन, कायमचा." शिकवणारा दोन दिवसांच्या रस्त्यावर राहतो.

मी मनात म्हटलं, जातोय कुठे! खायला घालायला मी आहे की.

४ फेब्रुवारी

हे कुत्रं म्हणजे अजब कारखाना आहे. छाती घागरीएवढी, कंबर मुठीत मावेल एवढी. सकाळी दहा किलोमीटर पळतो आणि परत आल्यावर माझ्याकडे असा बघतो, की चला, आता सुरुवात करू या!

त्याला पळून आल्या आल्या खायला द्यायचं नाही. आधी एक तास नुसतं पडून राहायचं. खाल्ल्यावर पुन्हा दीड तास. मला वाटलं श्रीमंतांचे लाड. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं — जनावरांच्या डॉक्टरीणबाई, सगळ्या बंगल्यांतली कुत्री त्यांच्याकडेच. म्हणाल्या, "खोल छातीच्या कुत्र्याचं पोट भरल्या पोटी उड्या मारल्या तर पीळ पडून फिरतं. फिरलं की दोन तासांत संपला."

पोट फिरतं! पिशवीचं तोंड फिरवून बंद करतात तसं. दिवसभर हेच डोक्यात.

म्हणून आम्ही दोघं त्या तासाला पायरीवर बसतो. बसणं दोघांनाही येत नाही. त्याचं शेपूट हलतं, माझा गुडघा हलतो. आचारीकाका खिडकीतून म्हणाले, "बघा, दोन यंत्रं बंद करायची राहिली!"

कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात. याचं तर सरळसोट, काठीसारखं. म्हण करणाऱ्याने हा बघितला नसावा.

९ फेब्रुवारी, रविवार

दोघांचे ब्याण्णव. वजा त्रेसष्ट. एकोणतीस.

एक किलो गेला कुठे? भांडं तर चाटून लख्ख करतो.

मालकीणबाई म्हणाल्या, "दोन्ही वेळेला अर्धी-अर्धी वाटी वाढव."

११ फेब्रुवारी

आईचा फोन. "जेवलास का?" जेवलो गं. "काय जेवलास?" भात, अंडं. "आणि नोकरी टिकवतोयस ना? का परत पायाला भिंगरी?" म्हटलं, इथे भिंगरी असल्याचाच पगार मिळतो. ती हसली. मग म्हणाली, "आवाज का कोरडा येतोय तुझा?"

पळतो म्हणून. मैदानाच्या टोकाला नळ आहे. आधी टिपक्या एक भांडं पितो, मग मी दोन. आज तर तीन. पिऊन होत नाही तोवर पुन्हा घसा वाळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक्याण्णव. म्हणजे अठ्ठावीस.

काठावर!

आजपासून माझी दोन्ही अंडी त्याला. कुणाला सांगायचं नाही.

१८ फेब्रुवारी

मला काट्याचाच संशय आला. खोटा असेल तर? दाण्यांचं न फोडलेलं पोतं आणलं. पोत्यावर छापलंय पंधरा किलो. ठेवलं. पंधरा! परत उचलून ठेवलं. पंधरा.

काटा खरा. मग काय चोरीला जातंय?

मागच्या अंगणात जाऊन त्याने खाणं कुठे पुरलंय का बघितलं. एक चप्पल सापडली, माळीदादांची. दोन आठवडे मलाच शिव्या देत होते तिच्यावरून.

२० फेब्रुवारी

कोडं सुटत नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, "बरगड्या डोळ्याला दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात." आज हात फिरवला. लागेनात. बोटं दाबली तेव्हा कुठे आत जाणवल्या. हात म्हणतो भरलाय, काटा म्हणतो सुकलाय. कुणाचं खरं?

आचारीकाका म्हणाले, "अरे, डोळे आहेत का बटणं? ढोल झालाय तो!"

मी म्हटलं, काका, काटा खोटं बोलत नाही. पोतं ठेवून बघितलंय.

"काटा बोलतच नाही रे. तू त्याला बोलायला लावतोस."

यांचं हे असंच. मीठ चिमटीने घालणारा माणूस, याला आकड्यातलं काय कळणार.

आणखी एक गंमत. पायरीवर बसलो होतो. टिपक्याने अचानक माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. हुंगलं. मग दोन पावलं मागे गेला, पुढचा एक पाय उचलला, शेपूट ताठ — आणि नाक माझ्यावर रोखून दगडासारखा उभा! झुडपातला पक्षी दाखवतो ना, अगदी तसा. मी हललो तरी तो हलेना. माळीदादा म्हणाले, "तुला पाखरू समजला. उडून जाशील म्हणून."

२३ फेब्रुवारी, रविवार

नव्वद. सत्तावीस.

तीनदा केली वजाबाकी. बोटांवर पण केली.

फोन करायला हात होईना. करावा लागला. मालकीणबाईंनी आकडा दोनदा विचारला. मग, "चार तारखेला येते. डॉक्टरीणबाईंना दाखवू. तिथूनच गाडी करून शिकवणाऱ्याकडे पाठवू. तुझी चूक नाही रे, काही कुत्र्यांना जागा मानवत नाही."

त्याला जागा मानवत नाही? सगळ्या अंगणाला त्याने स्वतःची सही केलीय!

जंताच्या गोळ्या आणल्या. अंड्यात घालून दिल्या. अंडं खाल्लं, गोळी थुंकली, माझ्या बुटात.

२७ फेब्रुवारी

पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. या महिन्यातलं दुसरं. पळून पळून कंबर बारीक झाली, चांगलंच आहे.

पण पळवत नाही आता. आधी टिपक्या माझी वाट बघायचा ती मजा म्हणून. आज खरंच बघत होता. मी वाकून धापा टाकतोय आणि तो परत माझ्याकडे नाक रोखून, पाय उचलून.

म्हटलं, बाबा, पक्षी तिकडे आहे.

२ मार्च, रविवार

एकोणनव्वद. सव्वीस.

लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तसंच राहू दिलंय.

पाच नोकऱ्या सोडल्या, कुठल्याच जागेकडे वळून बघितलं नाही. आज पायरीवर दीड तास बसलो. गुडघा हलला नाही. टिपक्याचं डोकं होतं त्यावर.

४ मार्च

नीट क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

मालकीणबाई आल्या. गाडीतून उतरल्या, टिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे जास्त वेळ बघितलं. शिकवणाऱ्याकडे जायची गाडी दवाखान्यासमोर उभीच होती. त्याची चादर आणि भांडं मी पिशवीत भरून दिलं होतं.

दवाखान्यात जमिनीलगत मोठा काटा आहे, सबंध कुत्रा मावेल असा. टिपक्या चढला आणि चक्क उभा राहिला.

तेहेतीस!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सव्वीस कोण म्हणालं? तीन किलो जास्तच आहे. हा पळणार का लोळणार?"

मी दारामागून काढून आणलेला तक्ता दाखवला. वजाबाकी दाखवली. त्यांनी कोपऱ्यातल्या त्रेसष्टवर बोट ठेवलं. "हे कधीचं?"

दोन फेब्रुवारीचं.

"चढ काट्यावर."

छप्पन्न.

तेहेतीस आणि छप्पन्न. मी तिथेच बेरीज केली — एकोणनव्वद! काटा खरा, वजाबाकी खरी. दर आठवड्याला कमी होत होतो तो मी, आणि खायला घालत होतो त्याला! मला हसूच आवरेना. म्हटलं, चला, टिपक्या वाचला. मालकीणबाईंनीही बाहेर जाऊन गाडी परत पाठवली.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. जवळ आल्या. "तोंड उघड. श्वास सोड." मी कुत्रा आहे का, म्हणणार होतो. "पाणी फार पितोस? सारखा लघवीला जातोस?" हो म्हटलं. मग मी सहज सांगितलं की हा हल्ली मलाच पाखरासारखा दाखवतो.

त्या टिपक्याकडे वळल्या. तो तेव्हाही दाखवत होता. एक पाय वर.

"पिकून गेलेल्या फळाचा वास येतोय तुझ्या तोंडाला. मला आत्ता आला, त्याला केव्हाच आला. हे माझं काम नाही. माणसांच्या दवाखान्यात जा. उद्या नाही. आत्ता. मालकीणबाई, तुमच्याच गाडीतून न्या."

७ मार्च

दवाखाना. पलंग खिडकीजवळ.

साखर. चोविसाव्या वर्षी! आणखी आठवडाभर तसाच पळलो असतो तर मैदानातच आडवा झालो असतो, म्हणाले डॉक्टर. आता रोज सुई, जन्मभर. खाणं मोजून, वेळेवर. पळण्याआधी काय, पळल्यावर काय, सगळं ठरलेलं. नर्सताईंनी काळजीने विचारलं, "एवढं सगळं जमेल का रे तुला?" म्हटलं, ताई, महिनाभर हेच तर करतोय.

आईला अजून सांगितलं नाही. 'जेवलास का' विचारेल तेव्हा सांगीन.

आचारीकाका वही घेऊन आले. म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि डोळे पुसले. टिपक्या दारात बसून आहे म्हणे, अर्धंच खातो. रविवारी त्याचं वजन तेच करणार आहेत.

जाताना त्यांना हाक मारून थांबवलं. म्हटलं, काका, त्याला उचलायच्या आधी तुम्ही एकटे चढा. दर वेळी.