हेड उघडलं त्याची हकीकत

११ फेब्रुवारी, रविवार दुपार

दादा,

नमस्कार. आम्ही इथे ठीक, तुम्हीही तिथे ठीक असालच. वहिनीचा खोकला थांबला का? धाकटीला चष्मा लागल्याचं कळलं. तिला सांग, आत्यालाही तिच्याच वयात लागला होता आणि काही बिघडलं नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस आणि माझं डोकं फिरतं. तुला कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत ऐकवत नाही. ही तरी पूर्ण वाच.

बाबांची गाडी आम्ही उघडली. तू म्हणाला होतास, भंगारवाल्याला दे आणि जागा मोकळी कर. पण त्या दिवशी तुझ्यामाझ्यासमोर पुलावर गाडी उकळून बंद पडली, तेव्हापासून बाबा जे खुर्चीत बसलेत ते उठायचं नाव नाही. गॅस बंद केला का म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारतात. जेवण झालं की विचारतात, मी जेवलो ना? वृद्धाश्रमाचं तू काढलंस तर एका शब्दाने वाद घातला नाही. एक तारखेला जायचं म्हणून कपडेसुद्धा घड्या करून ठेवलेत. मला ते बघवेना. म्हणून मीच मागे लागले, बाबा, गाडी मेली कशाने ते तरी बघू.

"बघायचंय काय त्यात? पाणी घालायला विसरलो. मेली," म्हणाले. पण उठले.

आता तुला वाटेल, ही बया धोबीखान्यातली, हिला इंजिनातलं काय कळतं? मला कळत नाहीच. मी नुसते हात चालवले, डोकं बाबांचं. आधी पाणी काढ, मग ऑइल काढ, मग नळ्या सोड. वरचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत ऑइल नव्हतंच, दुधावर साय धरावी तशी तपकिरी बुळबुळीत घाण. पाणी आणि ऑइल एक झालं की असं होतं म्हणे. मी इस्पितळाच्या चादरी धुणारी बाई, दादा. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते सगळं मी धुतलंय, मला सहसा किळस येत नाही. पण ते बोटांना लागलं आणि अंगावर काटा आला.

आत लोखंडी काड्या असतात, सगळ्या एकसारख्या दिसतात. बाबांनी बुटाच्या खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून ठेवली होती आणि प्रत्येक काडी आपापल्या भोकात उभी करायला लावली. जिथली तिथेच परत गेली पाहिजे, नाहीतर इंजिन बोंबलतं. मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड लोखंडी डोकं. त्याचे बोल्ट सोडताना कडेकडून मधे यायचं, प्रत्येक थोडासाच सैल करायचा, मग पुढचा, मग पुन्हा फेरी. एकदम सोडला तर हेड वाकडं होतं. मी एक बोल्ट चुकून दोनदा फिरवला तर शेजारी बसून बाबा म्हणाले, "तो झालाय. त्याच्या समोरचा घे." गॅस बंद केला का ते ज्यांना आठवत नाही, ते हे बाबा.

बोल्ट निघाले तरी हेड हलेना. मी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली. "चरा पडला की बसलीस रडत." मग लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोकलं, तेव्हा कुठे ते सुटलं. उचलायला समोरच्या शिंप्याला हाक मारली. त्याने एक बाजू धरली, मी दुसरी. हेड वर आलं आणि असा भपकारा सुटला की शिंपी आपलं टोक माझ्या पायाशी टाकून फाटकाबाहेर पळाला. माझा अंगठा थोडक्यात वाचला. शिंपी अजून माझ्याकडे नाक मुरडून बघतो, जसं काही तो वास माझाच होता.

गटाराचा वास नव्हता तो. उंदीर मरून पडावा तसाही नव्हता. पाणी खेळायच्या भोकांत पिवळट-पांढरं, रबरासारखं काहीतरी गच्च बसलं होतं आणि कडेने काळं पडून कुजलं होतं. मी तारेने एक तुकडा ओढला तर लोंबत बाहेर आला. बाबांनी तो चिमटीत धरून नाकाशी नेला, लगेच खाली टाकला आणि नळावर जाऊन साबण संपेस्तोवर हात धूत बसले.

अंडं होतं ते, दादा. शिजलेलं, सडलेलं अंडं.

बाबांची ती गोष्ट तुला आठवत असणारच. बसच्या कारखान्यात होते तेव्हाची. एका ड्रायव्हरचा रेडिएटर वाटेत गळायला लागला, त्याने आत अंडी फोडून घातली, गळती थांबली, पठ्ठ्या बस घेऊन आला आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. इथवर ऐकून तू नेहमी हसत उठून जायचास. गोष्ट पुढे आहे. त्या अंड्याने आतल्या वाटा बुजल्या, आठवड्याभरात इंजिन गेलं आणि ते खरवडून काढायचं काम बाबांच्या वाट्याला आलं. तेव्हापासून त्यांना अंड्याचा वास सहन होत नाही. आपल्या घरात अंडं आलेलं तू कधी पाहिलंस का? तू अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास आणि ती अर्धी गोष्ट घेऊन गाडी चालवलीस.

मी वहिनीला फोन केला. तिच्यावर चिडू नकोस, ती बिचारी सरळ बोलून गेली. "हो गं, आम्ही बाबांची गाडी नेली होती ना, तेव्हा घाटात तापली होती. ह्यांनी टपरीवरून अंडी आणून घातली. म्हणाले, बाबांचीच युक्ती आहे." आणि घरी येताना तू तिला बजावलंस, बाबांपाशी गाडीचं अवाक्षर काढायचं नाही.

अवाक्षर काढायचं नाही. मग पुलावर चार लोकांत बाबांना जे सुनावलंस ते काय होतं? "मी परत देताना सांगितलं नव्हतं का, पाणी कमी झालंय, घालून घ्या म्हणून? विसरलात ना?" विसरायला तू सांगितलं होतंस कधी? बाबा तिथे टोपी हातात धरून उभे होते आणि तुझ्याकडे बघून मान डोलावत होते. ते आठवलं की मला तुझी शिसारी येते. हेडमधली घाण रॉकेलने निघाली. ही निघत नाही.

गाडी बिघडवलीस त्याचं मला काही नाही. गाड्या बिघडतात. बाबा रागावले असते, दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी तुलाच पाना धरायला लावला असता. एवढा राग चुकवायला तू नामानिराळा राहिलास आणि म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासच काढून घेतलास.

सगळ्यात वाईट अजून सांगायचंय. मी म्हटलं, "बाबा, हे अंडं आहे. आपल्या घरात अंडं कुठून येणार?" ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मीच घातलं असेन गं. हल्ली मी काय करतो, माझं मलाच कळत नाही."

मी मोरीत जाऊन ओकले.

मग वहिनीचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. दादाने घातलं, तुम्ही काही विसरला नाहीत, तुम्हाला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच समजावलं. "तिचा काहीतरी घोटाळा होतोय. तो सांगितलं म्हणाला ना, म्हणजे सांगितलं असणार. तो माझ्याशी खोटं कशाला बोलेल?"

मी पुरावा म्हणून अख्खं इंजिन त्यांच्यासमोर मांडून ठेवलंय आणि ते तुझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बसलेत. माझं ते ऐकणार नाहीत, वहिनीचं ऐकणार नाहीत. तुझंच ऐकतील.

तेव्हा एक तारखेच्या आत ये. मुलांना आणू नकोस, मिठाई आणू नकोस, माझी समजूत घालायला तर मुळीच येऊ नकोस. त्यांच्यासमोर बस आणि म्हण, "बाबा, अंडी मी घातली, आणि पाण्याचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." बाकी काही बोलू नकोस. त्यानंतर ते तुला काय म्हणतील ते म्हणोत, आणि त्यानंतरही त्यांना वृद्धाश्रमात जायचं असेल तर मी स्वतः सोडून येईन.

आला नाहीस तर मी त्यांना जाऊ देणार नाही, भांडेन, हातापाया पडेन. पण ते जातील. स्वतःवरचा भरवसा उडालेला माणूस कुणाच्या सांगण्याने थांबत नाही.

त्यांनी आत्ताच आतून विचारलं, कुणाला लिहितेस? तुझं नाव सांगितलं तर म्हणाले, त्याला माझा आशीर्वाद लिही, आणि लिही की गाडीचं मनाला लावून घेऊ नको, चूक माझीच होती.

लिहिलंय.

बहीण