पाण्यातलं लोखंड

११ मार्च
आजबी काही न्हाई! पाणबुडे गाळाला वैतागून वर आले. सिद्धेश्वरच्या धरणात योगेशची पिकअप गेली म्हणतात – काठाला चाकाच्या खुणा, पाण्यावर तेलाचा तवंग. पन गाडी न्हाई. माझा नवराबी न्हाई.

१२ मार्च
शेजारची निलम म्हणाली, "मिनावहिनी, राग मानू नका. वसमतच्या कुण्या बाईसंगं गेला म्हणून राहिलेत लोकं." अंगावर धावून गेले तिच्या. बाजारात हळद टाकून दिवस मावळायच्या आत घरी येणारा माणूस तो!

१४ मार्च
पोलिसांनी पुण्याहून कुलदीप सरांना बोलावलं. नावेमागं दोरीनं एक पिवळं नळकांडं ओढतात. खाली लोखंड असलं की लॅपटॉपवरची रेघ उडी मारते – गाळात पुरलेलं असलं तरीबी. मी काठावर बसून. दुपारी रेघ उडाली. सगळे ओरडले. मी उठून उभी.
निघाली कुणाची तरी जुनी पाण्याची मोटार.
मला हायसं वाटलं. काहून?

१५ मार्च
कळलं काहून. गाडी सापडली तर योगेश मेला. न्हाई सापडली तर निलमचं खरं. भाकरी थापताना पिठाचेच हात जोडले – देवा, पळून गेलेलाच असू दे. कुणाबी बाईसंगं असू दे, पन जिता असू दे. काय मागून राहिले मी!
सासू अन्नाला शिवत न्हाई. तिला मी याडी म्हणते. "लेकरू माझं थंड पाण्यात पडलंय" – दिवसभर एवढंच.

१६ मार्च
शेळ्या सोडल्या. काठावर गेले. परत आले.

१७ मार्च
"ताई, मोठं लोखंड आहे. गाडीएवढं," कुलदीप सर म्हणाले. "उद्या क्रेन येईल."
घरी आले. आरशात कपाळावरची टिकली बघत बसले. काढवली न्हाई.

१८ मार्च
निघाली. नंबर त्याचाच. आत कुणी न्हाई. काचा वर, दारांना बाहेरून कुलूप, गाडी न्यूट्रलला. हवालदार खाली बघत म्हणाला, "त्यानंच ढकलून दिलीय, बाई. माणूस आत नव्हताच."
"जिता हाय माझा लेक!" याडी रडत-हसत नाचली. सेवालाल महाराजांपुढं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
गिळवंना.