डाव्या दारावरचा निळा ओरखडा

बाबा,

गाडी धुऊन ठेवली आहे. आईच्या भांड्यांच्या साबणाने नाही, गाडीच्या शाम्पूने. त्या साबणाने वॅक्ससुद्धा कढईतल्या तेलासारखं निघून जातं, हे मी दर रविवारी सांगतो आणि तुम्ही दर रविवारी "मला शिकवू नकोस" म्हणता. वॅक्स नुकतंच लावलंय, तेव्हा जुनी बनियन घेऊन पुसायला जाऊ नका.

डाव्या दारावर वीतभर जागा मात्र मुद्दाम सोडली आहे. तिथे निळा ओरखडा आहे, आणि आपली गाडी पांढरी.

याआधीचे दोन ओरखडे मीच पॉलिश करून घालवले. एक फाटकाचा, एक कोपऱ्यावरच्या खांबाचा. म्हटलं, आईला कशाला घोर. तुम्हाला ते दिसलेच नाहीत, आणि मी आपला गाडी चमकली म्हणून खूश.

हा निळा रंग समोरच्या चिमीच्या सायकलचा आहे. सायकल त्यांच्या जिन्याखाली वाकडी होऊन पडली आहे. मी जाऊन विचारून आलो. गाडी सायकलला लागली तेव्हा चिमी पाणी प्यायला घरात गेली होती. पेलाभर पाण्याने वाचवलं आपल्याला.

दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत, शोधत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चारची वेळ दिली आहे, मी साडेतीनला येतो. वाटेल तेवढं चिडा, पण कपडे करून बसा. ओरखडा तसाच राहू दे. आईने विचारलं, तर या वेळी तुम्हीच सांगा.

आजपासून तुमचा ड्रायव्हर