सरळ पाठीचे मासे

१२ जून
पुन्हा अकरा मासे वाकडे! पाठीला बाक, दोघांच्या डोळ्यांवर पांढरं. भालकीचा व्यापारी नुसता बघून परत गेला. अप्पा एवढंच म्हणाले— "ज्योत्स्ना, अजून एक खेप. तीबी वाकडी निघाली की तळं बुजवून तूर लावतो." गावाला तर आयतंच मिळालं. "भीमराजच्या पोरीनं कुबडे मासे पाळलेत म्हणं!"

हसा म्हणावं.

१५ जून
दोष खाद्याचाच. बाजारच्या महागड्या खाद्यात सुकी मासळी असते, मी घरी करते त्यात नाही. असणार कशी? खटकचिंचोळीत आमच्या बाजूला चक्की एकच, अंबाजीअण्णांची. "मासळी दळली तर लोकांच्या भाकरीला वास येतंय. सोया आण, शेंगांची पेंड आण, मासळी उंबऱ्याच्या आत न्हाई." कारण फक्त वासाचं नाही, ते त्यांनाही ठाऊक, मलाही; आमच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नाहीत. म्हणून माझे मासे शाकाहारी!

२० जून
नवी पिल्लं सोडली. आणि सुचलं! म्हैस चपला चघळायची तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी खनिजाची पावडर दिली होती. तीच खाद्यावर भुरभुरली. हुशार आहे मी.

४ ऑगस्ट
हुशार कसली! पिल्लांतही बाक दिसायलाय. गोठ्यामागं जाऊन रडले. आई तिथंच कडबा काढत होती. "रडायलीस कामून? जाणत्याला इचार की!"

६ ऑगस्ट
बिदरला गेले. मत्स्य खात्याच्या नागरत्ना मॅडम. माझं कन्नड दोन मिनिटं सोसलं, मग स्वतःच मराठीवर आल्या. म्हणाल्या, सोयात फॉस्फरस आहे, पण कुलपात. म्हशीच्या पोटात किल्ली असते, माशाच्या नसते. म्हशीच्या पावडरीत कॅल्शियमच जास्त, ते माशाला पाण्यातूनही मिळतं. माशाला पचेल असा फॉस्फेट वेगळा द्यायचा, डोळ्यांसाठी चिमूटभर जस्त. आलेला बाक जाणार नाही, बाकीचे वाचतील.

आणि मी तळ्याला चपला चघळणारी म्हैस समजत होते!

९ ऑगस्ट
भुरभुरलेलं सगळं पाण्यात विरघळून जातं. म्हणून ज्वारीच्या घट्ट आंबिलीत पेंड आणि मॅडमनी सांगितलेली पावडर मळली, सोऱ्यातून पाडली, सावलीत वाळवली. आई— "दिवाळीचा सोऱ्या माशांला! आता लाडूबी वळ." पण दांडा तिनंच फिरवला.

३० सप्टेंबर
नवा बाक एकही नाही. एकही!

१८ डिसेंबर
जाळं ओढलं. रोहू, कटला— सरळ, चकचकीत, अंगानं भरलेले! एकानं अप्पांच्या हातावर शेपटीचा असा फटका दिला की अप्पा चिखलात बसले. तिथूनच ओरडले— "पट्टी लावून आखल्यावानी हाईत की गं!" ऑगस्टातले थोडे वाकडे बाजूला काढले, बाकी सगळे व्यापाऱ्यानं उचलले. तुरीचं नाव कुणी काढलं नाही. जिंकले मी. इथं तरी लिहितेच— जिंकले!

११ जानेवारी
कमठाण्याहून दोघं, चिंताकीहून एक जण. सगळ्यांना माझं खाद्य हवं. आईचा सोऱ्या मोडला.

२ फेब्रुवारी
अंबाजीअण्णा घरी आले. पहिल्यांदाच. चहा दिला, प्याले— तळापर्यंत. "गुडघे गेलेत. पोरगा, बंटी, हैदराबाद सोडंना. चक्की तू घेतीस का? दुसऱ्याला इचारलं न्हाई अजून."

अप्पा माझ्याकडे बघत होते. व्हय म्हणाले मी.

१ मार्च
चक्की आज मी सुरू केली. मासळी दळायला आता मनाई नाही, आणि गरजही नाही! पहिलं दळण अंबाजीअण्णांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं, ज्वारी. गरम पिठाची चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "बारीक आलंय."