धूप म्हणजे धूर नव्हे

वाडी, ता. वेल्हे
१० फेब्रुवारी २०२५

चि. शेफाली हिस रत्नाआत्याचे अ. आ. वि. वि.

तुझं हवा मोजायचं यंत्र आमच्या ओट्यावर सुखरूप आहे. इथे रेंज नाही, म्हणून त्यातलं नोंदींचं कार्ड कंडक्टरबरोबर पाठवते आहे, आणि कार्ड एकटं बरं दिसत नाही म्हणून हे पत्र.

यंत्राजवळ धूर करायचा नाही, ही तुझी आज्ञा घरानं पाळली आहे. चूल परसात गेली. आमचे हे बिडी ओढायला ओढ्यापलीकडे जातात आणि परत येताना दुसरी ओढून येतात. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचा, तोही यंदा लांबच्या शेतात.

सासूबाईंनी मात्र यंत्राला आपलं मानलं. नवीन वस्तू घरात आली आणि गुणगुणायला लागली की तिला तिन्हीसांजेला राळेचा धूप दाखवायचा, हा या घरचा रिवाज. पिठाच्या गिरणीलाही दाखवला होता. धुपाटणं नळीपाशी धरलं की तुझं यंत्र तो सगळा आत ओढतं. इतकं मनापासून देवही घेत नाहीत.

सरपंच समर्थनं फाट्यावर ‘शुद्ध हवेचं गाव’ असा फलक लावला आहे. मोजणी व्हायची आहे, पण फोटो तयार होता. त्यात हवा थोडी आणि समर्थ जास्त आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, म्हणजे मला करून द्यावी लागणार नाही.

तुझी आत्या,
रत्ना

भोर
२ मार्च २०२५

ती. रत्नाआत्यास शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. आजींनी यंत्राला धूप दाखवला हे वाचून बाबा आणि मी खूप हसलो. इतके लाड माझे वाढदिवसाला झाले नव्हते.

आता बातमी ऐक. झाडं हवेत सेंद्रिय संयुगं सोडतात. आंब्याचं पान चुरगळल्यावर जो वास येतो ना, तो यांचाच. एकटी असली की बिचारी गरीब असतात. पण गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वर कडक ऊन भेटलं, की या संगतीतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. उंच आकाशात तो आपल्याला जपतो, खाली छातीत जळजळतो.

तुमच्याकडे रोज तिन्हीसांजेला टर्पीन नावाच्या संयुगांचा असा डोंगर उठतो, की तोरण्यानं मान खाली घालावी. गावच्या त्या जुन्या देवराईचा, वाघजाईच्या राईचाच हा प्रताप. माझ्या कॉलेजच्या सरांनी विज्ञान परिषदेत हे मांडायला माझं नाव दिलं. पहिलंच संशोधन, आत्या! समर्थदादांनी ग्रामसभेत बोलायला बोलावलं आहे, येतेच.

आजींना नमस्कार, यंत्रालाही. लोभ आहेच, तो सभेपर्यंत टिकव.

तुझी,
शेफाली

वाडी
१९ मार्च २०२५

चि. शेफाली हिस अ. आ. वि. वि.

सभेत तू छान बोललीस. गावानं त्यातलं एकच वाक्य घेतलं: झाडं वायू सोडतात. गाड्यांचं वाक्य सभेत कुणाच्याच ओळखीचं नसावं, ते तसंच उभं राहिलं.

समर्थनं लगेच ठराव मांडला. ‘शेफालीताईंच्या संशोधनानुसार’ वाघजाईची राई गावाची हवा बिघडवते, सबब ती तोडावी. राईपलीकडे त्याच्या मेव्हण्याचे प्लॉट आहेत आणि राई गेली की तिथे सरळ रस्ता जातो, हा योगायोग कुणी बोलून दाखवला नाही. राईतल्या झऱ्यावर अख्खी वाडी पाणी भरते, हेही नाही. पुढच्या सभेत मंजुरी.

सासूबाई बोलत नाहीत. त्या बोलतात तेव्हा घर कंटाळतं, बोलत नाहीत तेव्हा घाबरतं.

त्यात भागूबाई, माझी चुलतसासू, आठ दिवसांपूर्वी गेली. आम्हाला सुतक आहे. देव, दिवा, धूप सगळं बंद. तुझं यंत्रही घरचंच असल्यानं सुतकात बसलं आहे. सोबत कार्ड.

तुझ्यावर राग नाही. असता तर पत्र लांबलं असतं.

रत्नाआत्या

भोर
२५ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नवं कार्ड पाहिलं. शेवटच्या आठ दिवसांत तिन्हीसांजेचा डोंगर नाहीसा! वाटलं, राई तोडलीसुद्धा. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. राई उभी आहे, बंद आहे तो धूप.

राळ म्हणजे झाडाचाच चीक. त्यातून तीच टर्पीनं निघतात. मी ज्याला राईचा प्रताप म्हणत होते, तो आजींच्या धुपाटण्याचा. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आत्या, आणि मी हसले. धूर करू नका हे मीच सांगितलं, पण धूप म्हणजे धूर हे तुमच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. शेवटी सुट्ट्यांत वाढले तुमच्याच देवघरापुढे.

गप्प बसले तर परिषद माझी, राई समर्थदादांची. सरांना आज सांगून टाकलं. त्यांनी परिषदेतून माझं नाव मागे घेतलं. सगळं वर्षभर पुन्हा मोजायचं.

सभेला येते आहे. भाकरी करून ठेव, रडले तर भुकेल्या पोटी नको.

शेफाली

वाडी
९ एप्रिल २०२५

चि. शेफाली हिस अ. आ. वि. वि.

तू शेवटच्या एस.टी.साठी पळालीस, पुढची गंमत ऐकायची राहिली.

तू उभी राहून माझं चुकलं म्हणालीस, तेव्हा सभा चक्रावली. चूक कबूल करणारा माणूस गावानं त्या जागेवर पाहिला नव्हता. तू गेल्यावर समर्थ सावरला. म्हणाला, मग धुपावर बंदी घालू, पण राईचा ठराव तर ठेवू. तेव्हा सासूबाई उठल्या. त्या एवढंच म्हणाल्या, “धूप म्या दिला. सजा राईला व्हय?”

मग बायका एकेक करून उठल्या. पाणी भरायला त्याच जातात. ठराव बारगळला. राई आहे.

पण समर्थलाही काहीतरी मंजूर करून घ्यायचं होतं, म्हणून यंत्र हलवायचा ठराव झाला. फलक बघून रविवारी गाड्या येतात आणि खरा ओझोन त्याच दिवशी दुपारी चढतो, हे तू सांगितलंस, ते इतिवृत्तात नाही. फलक आहे.

तुझ्या सरांची माणसं काल यंत्र वरव्याला घेऊन गेली. तिथे हायवे जवळ आहे, त्याला धूर कमी पडायचा नाही. सासूबाईंनी निघताना त्यावर हळदकुंकू वाहिलं. पोरीचं वरीस गेलं, असं रात्री दोनदा म्हणाल्या.

कंडक्टरजवळ राळेची पुडी दिली आहे. मी म्हटलं, अहो, यंत्राजवळ आता हे चालायचं नाही. त्यावर म्हणाल्या, यंत्राला न्हाई, पोरीला.

तेव्हा खोलीत लाव. मोजू नकोस.

तुझी आत्या,
रत्ना