दुसरी हाक

४ मार्च, सोमवार

आज हजर झाले. दारावर ‘इन्चार्ज, प्रसूती विभाग’ अशी पाटी आहे. आत खोली कसली, कपाटालाच खिडकी पाडली आहे म्हणा. पण टेबल माझं, कप माझा, आणि टेबलावर दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज. इतकी वर्षं रजा मागत आले, आता द्यायची. धाकटी बहीण म्हणते, ताई, आता तुझ्या नाकावर माशी बसायची नाही. सध्या तिच्याकडेच राहते आहे. तिचे दिवस भरत आलेत आणि मेहुणे सदा फिरतीवर, म्हणून तर इथली जागा मागून घेतली. बाळंतपण माझ्याच विभागात व्हायचं, हे तिने मला न विचारताच ठरवून टाकलं आहे.

विभाग मनासारखा आहे. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाळंतिणींच्या खोल्या, प्रत्येक खोलीला मागे एक दार, मधोमध नर्सेसचं टेबल, टोकाला प्रसूतीची खोली. माणसंही बरी वाटली. सगळ्यात जुन्या सिस्टरला सगळे माई म्हणतात. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, निवृत्ती जवळ आलेली. तिने पोटावर हात ठेवला की कळा देणारी बाई निम्मी शांत होते. आणि दुसरी एक आहे, तिचं नावच पडलंय रेडिओ. ड्यूटीवर आल्यापासून जाईपर्यंत तोंड चालू. आज एका बाईला ऐन कळांमध्ये तिने असं हसवलं की डॉक्टर बाहेरून डोकावून बघून गेले.

इथे माझं जमेल.

९ मार्च, शनिवार

एक गोष्ट खटकते आहे. खोलीतून कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की इथे कुणीच उठत नाही. ऐकू येत नाही असं नव्हे. हातातलं काम थांबतं, माना वर होतात. रेडिओसुद्धा वाक्य अर्धं सोडून गप्प बसते. मग दुसरी हाक आली की दोघी-दोघी धावतात. प्रत्येक खोलीत घंटेचं बटण आहे, पण वेदनेत घंटा कोण शोधत बसतं? बायका हाकच मारतात.

आधी आळस वाटला. पण आळशी माणूस दुसऱ्या हाकेला असा धावत नाही. विचारलं तर रेडिओने हसून विषय बदलला. माईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१३ मार्च, बुधवार

आज एक बाई मरता मरता वाचली.

दुपारी भेटीची वेळ संपली होती, व्हरांडा रिकामा झाला होता. सकाळीच सुटका झालेल्या एका बाळंतिणीने हाक मारली. एकदाच. टेबलाशी तिघी होत्या, तिघी दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिल्या. फरशी पुसणारी मावशी आत गेली तेव्हा रक्त कॉटखाली ठिबकत होतं. बाईची शुद्ध हरपली होती. दुसरी हाक मारणार कोण? डॉक्टर धावले, रक्त चढवलं, गर्भाशय काढावं लागलं. जीव वाचला.

सगळ्यांना खोलीत बोलावलं. शेवटी माईने सांगितलं. म्हणाली, भेटीची वेळ संपून शांत झालं की इथे अधूनमधून एक हाक येते, ती पेशंटची नसते. आवाज मात्र पेशंटचाच असतो, ओळखू येत नाही. फरक एवढाच की ती हाक दुसऱ्यांदा येत नाही. पहिल्या हाकेला जी उठून जाते ती अडकते. कोण आहे, कशासाठी आहे, ते माईलाही माहीत नाही. ती नोकरीला लागली तेव्हापासून हे असंच आहे.

माझं डोकं फिरलं. आत एक बाई टाके घालून निपचित पडली आहे आणि या मला भुताच्या गोष्टी सांगताहेत. मी स्पष्ट बजावलं, यापुढे पहिल्या हाकेला उठायचं. जी बसून राहील तिच्यावर मी स्वतः कारवाई करीन.

माई ‘बरं मॅडम’ एवढंच म्हणाली. वातावरण हलकं करायला रेडिओ म्हणाली, पहिली मीच जाते, मला बघून तीच पळून जाईल.

१८ मार्च, सोमवार

रेडिओ गेली. म्हणजे हाकेला.

दुपारीच. मी टेबलापाशी उभी होते, हाक मीही ऐकली. सहा नंबरच्या खोलीतून, थकलेला, अगदी साधा आवाज. मला तर बरंच वाटलं, कारण रेडिओ लगेच उठली. जाता जाता मागे वळून तिने मला सलाम ठोकला.

बराच वेळ झाला तरी ती परत आली नाही, म्हणून मी गेले. सहा नंबरच्या बाईला सोनोग्राफीसाठी खाली नेलं होतं. खोली रिकामी. रेडिओ कॉटशेजारी स्टुलावर बसलेली, उजवा हात गादीवर, मूठ अर्धवट मिटलेली. आपण कुणाचा हात हातात घेतला की मिटते तशी. चादर ओली होती. हात लावला तर कोमट.

तिला उठवलं. उठली. मूठ मात्र उघडेना. डॉक्टर म्हणाले नस आखडली असेल, औषध देऊन घरी पाठवलं. जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. व्हरांड्यात एवढी शांतता मी आल्यापासून कधी ऐकली नव्हती.

२१ मार्च, गुरुवार

रेडिओच्या घरी जाऊन आले. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, खात नाही, झोपत नाही, पलंगाच्या कडेवर हात पुढे करून बसून असते.

तशीच बसली होती. मध्येच कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, श्वास घ्या, घाई करू नका, छान चाललंय. आपण कामावर बोलतो तसंच.

मी माफी मागायला गेले होते. तिने मागू दिली नाही. म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून गेले असं नका समजू. बाई हात मागत होती. तसा सोडून कसं यायचं? अजून मोकळी झाली नाही हो ती.”

कोण, असं विचारायचा धीर झाला नाही. तिच्या बोटांवर नखांचे वण आहेत. दुसऱ्याच्या नखांचे. आपण सगळ्याच ते ओळखतो. कळा देणारी बाई असेच वण उठवते.

२२ मार्च, शुक्रवार

हुकूम मागे घेतला. आता प्रत्येक बाळंतिणीच्या मनगटाजवळ घंटेचं बटण बांधायचं. घंटा वाजली तरच जायचं. नुसत्या हाकेला दुसरीची वाट बघायची.

माई म्हणाली, हे चांगलं केलंत. मग जरा थांबून म्हणाली, पण त्या दिवशीच्या बाईला घंटेपर्यंत हात उचलवला असता का?

ती म्हणाली, इतकी वर्षं याच एका प्रश्नावर तिची झोप उडते.

दुपारी हाक आली. चौघी खाली मान घालून बसलो. दुसरी आली नाही. तरी मावशीला सगळ्या खोल्यांच्या खिडक्यांतून बाहेरून बघून यायला सांगितलं. सगळ्या ठीक होत्या.

२६ मार्च, मंगळवार

पहाटे बहिणीची सुटका झाली. मुलगी. माझ्याच हातात आली, नाक थेट आमच्या आईचं. मेहुणे प्रवासात आहेत, फोनवर रडत होते.

पण रक्त जास्त गेलं. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मी तिला म्हटलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. तिला कारण सांगू शकले नाही, आणि ती ऐकेना. ताई असताना मला कसली भीती, म्हणाली.

घंटा तिच्या मनगटाजवळ मी स्वतः बांधली.

२७ मार्च, बुधवार

तिच्या खोलीतून हललेच नाही. अशक्त आहे. भांडंसुद्धा उचलवत नाही.

घंटा दाबून बघ म्हटलं. दोनदा घसरली बोटातून.

रेडिओच्या नवऱ्याचा फोन आला होता. घेतला नाही.

२८ मार्च, गुरुवार

दुपार. भेटीची वेळ संपली. माई आणि बाकीच्या ऑपरेशनला गेल्या आहेत. टेबलाशी कुणीतरी हवं म्हणून मला बाहेर यावं लागलं. बहीण झोपली होती. दहा पावलांवर तर आहे.

हाक आली.

सिस्टर नाही. ‘ताई.’

एकदाच. घंटा नाही.

वाट बघते आहे. लिहीत बसते, म्हणजे हात गुंतलेला राहील. तिचाच आवाज. अगदी तिचाच, पण तसा तर —

दुसरी नाही. अजून नाही. खिडकीतून बघावं तर पडदा ओढलेला. मीच ओढला, ऊन येतं म्हणून.

त्या बाईनेही एकदाच —

घंटेला बोटं लागत नाहीत तिची. मला माहीत आहे. मला माहीत असून मी इथे —

नाही थांबता येत.

संध्याकाळ

डाव्या हाताने लिहिते आहे. वाकडं येतंय.

गेले. बहीण कॉटवर होती. पांढरीफटक. हात पुढे केला, मी धरला. मग पाठीमागून, दारातून, ताई, इथे काय करतेस. माई तिला चाकाच्या खुर्चीतून आणत होती. ऑपरेशनमधून आधी सुटून तिनेच बहिणीला बाळांच्या खोलीत नेलं होतं, पाजायला. मागच्या दाराने. मी टेबलाशी असताना.

बहीण सुखरूप आहे. बाळही. मेहुणे आले, घेऊन गेले तिला. मी म्हटलं दुसऱ्या दवाखान्यात न्या, ताबडतोब. बहीण रडत होती, मूठ उघडायला बघत होती माझी. उघडत नाही.

माई शेजारी बसली आहे. तिला काही दिसत नाही.

मला दिसते आहे. आता बहिणीसारखी नाही. फार दमली आहे बिचारी. किती वर्षं — हात सोडू नका म्हणते. नाही सोडत. कशी सोडू.

कळा जवळ जवळ यायला लागल्या. रेडिओचा नवरा परत फोन करतोय. माईने घेतला. रेडिओची मूठ उघडली म्हणे, आज दुपारीच, मी इथे हात धरला तेव्हा, ती झोपली —

माझी नाही. जोर लाव म्हटलं. लावते आहे. चादर भिजली. माई, गरम पाणी — माईला दिसत नाही —

आता शेवटची कळ. डोकं दिसतंय. हे डोकं बाळाचं नाही —